जुन्या लॉरीचं इंजिन नक्की कुठलं? ओतीव खुणा वाचायची पद्धत

कऱ्हाडजवळच्या एका शेतात, उसाच्या पाचटाखाली अर्धी झाकलेली शेवरलेट लॉरी आम्ही बाहेर काढली, तेव्हा तिच्याबद्दल तीन जणांनी तीन गोष्टी सांगितल्या. मालक म्हणाले, "लढाईतली आहे, डिस्पोजलमध्ये घेतलेली." शेजारचे आजोबा म्हणाले, "छे, आमच्या लग्नाच्या आदल्या वर्षी नवी कोरी आली होती." आमच्या मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, आत डोकावून बघितलं आणि सांगितलं, "इंजिन बदललेलं आहे, साहेब. पैज लावा." तिघांपैकी खरं कोण, हे ठरवायला कागद कामाला आला नाही. इंजिनाच्या अंगावरचे अंकच कामाला आले.

हा लेख त्या अंकांबद्दल आहे. मी मुख्यतः शेवरलेटच्या जुन्या सहा सिलिंडर पेट्रोल इंजिनाचं उदाहरण घेतो आहे, कारण मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सच्या कारखान्यात १९२८ पासून १९५४ पर्यंत गाड्यांची जोडणी होत होती आणि आपल्याकडे उभ्या असलेल्या जुन्या लॉऱ्यांमध्ये हे इंजिन पुष्कळदा सापडतं. डॉज, फार्गो आणि फोर्डबद्दल शेवटाकडे थोडक्यात लिहिलं आहे.

आधी दोन प्रकारच्या खुणा वेगळ्या ओळखा

निम्मा घोळ इथेच होतो. ब्लॉकवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव धडावर, दोन तऱ्हेचे अंक असतात.

पहिले उठावाचे, म्हणजे बीड (ओतीव लोखंड) ओततानाच साच्यातून आलेले. बोट फिरवलं की फुगीर लागतात. हा कास्टिंग नंबर. एकाच साच्यातून निघालेल्या हजारो ब्लॉकांवर तो सारखाच असतो. म्हणजे त्यावरून इंजिनाची जात कळते, पण हे अमुक एकच इंजिन, असं सांगता येत नाही.

दुसरे ठोकलेले, म्हणजे लोखंडी पंचने खोल मारलेले. इंजिन जोडून झाल्यावर सपाट घासलेल्या छोट्या चौकोनावर ते मारतात. इंजिन नंबर म्हणतात तो हाच.

आमच्या लॉरीच्या आरसी बुकात इंजिन नंबराच्या रकान्यात सात अंक होते. नुसते अंक, एकही अक्षर नाही. तेव्हाच शंका यायला हवी होती. कोणीतरी कधीकाळी ब्लॉकवरचा ठळक उठावाचा नंबर बघून तोच कागदावर चढवला होता, म्हणजे कास्टिंग नंबर. त्यामुळे त्या जातीच्या प्रत्येक लॉरीचा 'इंजिन नंबर' तोच ठरला असता. दुरुस्त करून घ्यायला किती खेपा झाल्या ते इथे सांगत बसत नाही. जुनी लॉरी विकत घेत असाल, तर पैसे देण्याआधी दोन्ही नंबर स्वतःच्या डोळ्यांनी बघा आणि आरसीशी ताडा, एवढं मात्र नक्की करा.

कुठल्या बाजूला बघायचं

शेवरलेटच्या या इंजिनाची मॅनिफोल्ड आणि कार्ब्युरेटर डाव्या बाजूला असतात. डिस्ट्रिब्युटर, प्लग, पेट्रोल पंप आणि सेल्फ (स्टार्टर) उजव्या बाजूला. डावं-उजवं नेहमी ड्रायव्हरच्या सीटवर बसून पुढे बघताना धरायचं. कास्टिंग नंबर आणि ओतल्याची तारीख उजव्या बाजूला, सेल्फच्या आसपास मिळते. इंजिन नंबराचा सपाट चौकोनही उजव्याच बाजूला, डिस्ट्रिब्युटरच्या मागे असतो.

इथे आपली एक गंमत होते. अमेरिकी पुस्तकांत, व्हिडिओत 'पॅसेंजरच्या बाजूला बघा' असं असतं. त्यांच्याकडे पॅसेंजर उजवीकडे बसतो. आपल्याकडे उजवीकडे स्टिअरिंग असतं. मी स्वतः पहिल्यांदा अर्धा तास डावीकडे, एक्झॉस्टच्या खाली डोकं घालून बसलो होतो आणि नंबर मिटला असं ठरवून मोकळा झालो होतो. मिस्त्रींनी दुसऱ्या बाजूने टॉर्च मारली.

साफ करणं: घाई इथे महाग पडते

पन्नास-साठ वर्षांचं तेल, धूळ आणि त्यावर चढवलेले रंगाचे तीन-चार थर असतात. कामाचा क्रम असा ठेवा.

आधी लाकडी पट्टीने किंवा बोथट पुट्टीपट्टीने जाड चिखल खरवडा. मग रॉकेल किंवा डिझेल ब्रशने लावून रात्रभर भिजत ठेवा. सकाळी पितळी तारेच्या ब्रशने घासा. उठावाच्या अंकांवर ब्रश जोरात चालला तरी बीडाला काही होत नाही. रंग सुटत नसेल तर रंग काढायचं रसायन लावा, पण मोकळ्या हवेत, हातमोजे घालून. जुन्या रंगात शिसं असतं आणि जुन्या गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस, म्हणून कोरडं घासून धूळ उडवायची नाही.

ठोकलेल्या नंबराच्या चौकोनावर मात्र तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, ग्राइंडर यातलं काहीही लावू नका. पंचची खोली फारशी नसते. तो चौकोन घासलेला दिसला की तपासणारा माणूस पहिला संशय चोरीचा घेतो, आणि त्याचं चुकत नाही. तिथे फक्त रॉकेलची चिंधी आणि नायलॉनचा जुना टूथब्रश.

अंक वर आले की खडू आडवा धरून हलका फिरवा. फुगीर भागावर पांढरं लागतं आणि नंबर वाचता येतो. ठोकलेल्या नंबरासाठी उलट करायचं: खडूची पूड चोळायची आणि वरून कोरड्या बोटाने पुसायची, म्हणजे पूड खाचेत राहते. टॉर्च समोरून मारू नका, अगदी तिरकी, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरा. सावली पडली की पुसट अंकही उठून दिसतो.

याहून भरवशाचा उपाय म्हणजे ठसा. शिलालेखाचा ठसा घेतात तसाच. पातळ कागद अंकांवर ताणून चिकटपट्टीने बसवा आणि मऊ पेन्सिल आडवी घासा. फोटोत जो आकडा ३ की ८ ते कळत नाही, तो ठशात बहुतेक वेळा कळतो. ठशावर तारीख आणि गाडीचा नंबर लिहून ठेवा. पुढे सहा महिन्यांनी तो कागद सापडतो तेव्हा तो कुठल्या इंजिनाचा हे आठवत नसतं.

कास्टिंग नंबर वाचणं

जुन्या, म्हणजे तिसाच्या दशकातल्या ब्लॉकवर बहुधा सहा अंकी नंबर असतात. पुढच्या काळातले सात अंकी आणि ३ ने सुरू होणारे. नंबर पूर्ण मिळाला की तो शेवरलेटच्या जुन्या कास्टिंग यादीत शोधायचा. या याद्या सहज मिळतात. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा.

एक, कास्टिंग नंबर आणि पार्ट नंबर एकच नसतात. पार्ट नंबर म्हणजे मशिनिंग होऊन तयार झालेल्या वस्तूचा नंबर. एकाच कास्टिंगमधून दोन वेगळे पार्ट तयार होऊ शकतात. दुकानदाराला कास्टिंग नंबर सांगून 'हाच पार्ट द्या' म्हटलं तर तो गोंधळेल, किंवा त्याहून वाईट म्हणजे गोंधळणार नाही आणि काहीतरी देऊन टाकेल.

दोन, हेडचा, म्हणजे ब्लॉकच्या डोक्यावर बसणाऱ्या झाकणाचा, नंबर हा ब्लॉकचा पुरावा नाही. सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण ३८३६८४८ या हेडचं. जुन्या शेवरलेटची हौस असणारे लोक त्याला नुसतं '८४८' म्हणतात. हे हेड पन्नासच्या दशकाच्या उत्तरार्धातल्या २३५ घन इंचाच्या इंजिनावर यायचं, आणि २६१ घन इंचाच्या ट्रक इंजिनावरही. म्हणजे ८४८ दिसलं म्हणून खाली २३५ आहे असं म्हणता येत नाही. फरकही साधा नाही. २६१ चे सिलिंडर जोडीजोडीने एकमेकांना चिकटून ओतलेले असल्याने वाफ बाहेर पडायला ब्लॉकमध्ये छोटी भोकं असतात आणि हेडमध्येही त्यांच्या समोर भोकं लागतात. २३५ चं बिनभोकाचं हेड तसंच बसवलं तर वाफ कोंडते, इंजिन तापतं आणि हेड तडकतं. अमेरिकेत राहून जुना ट्रक उभा करणाऱ्या आपल्या मंडळींना हे जास्त कामाचं आहे, कारण २६१ तिथल्या जड ट्रकमध्ये १९५४ पासून आलं. शिवडीचा कारखाना त्याच वर्षी थांबला, त्यामुळे आपल्याकडे ते क्वचित.

हेडचा नंबर बाहेर दिसत नसेल तर टॅपेट कव्हर उचलून आत बघा.

ओतल्याची तारीख: एक अक्षर, दोन आकडे

ही खूण छोटी असते, पण सर्वात बोलकी. रचना अशी: आधी महिन्याचं इंग्रजी अक्षर, मग दिवस, मग वर्षाचा शेवटचा अंक. ए म्हणजे जानेवारी, बी फेब्रुवारी, असं करत एल म्हणजे डिसेंबर. 'सी २२ ०' म्हणजे २२ मार्च, शून्याने संपणारं वर्ष.

आमच्या लॉरीच्या ब्लॉकवर मी वाचलं: '१ १२ १'. अक्षर नाहीच. मी वहीत लिहिलं, 'महिन्याचं अक्षर तुटलंय'. घरी आल्यावर ठसा बघताना डोक्यात प्रकाश पडला. तो १ नव्हता, इंग्रजी 'आय' होता. आय म्हणजे नववं अक्षर, सप्टेंबर. १२ सप्टेंबर, आणि वर्ष एकने संपणारं. असंच डी म्हणजे एप्रिल आणि शून्य, बी म्हणजे फेब्रुवारी आणि ८, जी म्हणजे जुलै आणि सी म्हणजे मार्च यांचा घोळ होतो. बीड साच्यात नीट भरलं नसेल तर कोपरे गोल येतात. कोल्हापूरच्या एका पॅटर्नवाल्याला, म्हणजे ओतकामाच्या साच्यांचे नमुने करणाऱ्याला, मी ठसा दाखवला होता. त्याने एका नजरेत सांगितलं की अंक वेगळ्या छोट्या पट्टीवर होते, रोज दिवसाचा आकडा बदलायचा असल्याने पट्टी काढून घालायचे, म्हणून तो भाग बाकीच्यापेक्षा किंचित वर-खाली बसलाय. पट्टीची चौकट अजून दिसते.

आता खरी अडचण. एकने संपणारं वर्ष म्हणजे १९४१, १९५१ की १९६१? नुसत्या तारखेवरून याचं उत्तर मिळत नाही. मालकांची 'लढाईतली' आणि आजोबांची 'लग्नाच्या आदल्या वर्षीची' या दोन्ही गोष्टी अजून उभ्या होत्या. दशक ठरवायला बाकीचे साक्षीदार लागतात.

ठोकलेला नंबर: दशक इथे सुटतं

डिस्ट्रिब्युटरच्या मागचा चौकोन साफ केला की अक्षरं आणि मग आकडे दिसतात. युद्धानंतर १९५३ पर्यंतच्या अमेरिकी इंजिनांवर पहिलं अक्षर वर्षाचं असतं: ई १९४७, एफ १९४८, जी १९४९, एच १९५०, जे १९५१, के १९५२, एल १९५३. बघा, इथे आय गाळलेला आहे, १ शी घोळ होऊ नये म्हणूनच. ओतशाळेने मात्र महिन्यासाठी तोच आय वापरला. एकाच कंपनीत दोन खात्यांच्या अशा दोन तऱ्हा बघितल्या की आपल्या सरकारी कचेऱ्यांबद्दलचा राग थोडा निवतो.

त्याच अक्षरसमूहात शेवटी ए असेल तर इंजिन फ्लिंट, मिशिगनचं आणि एम असेल तर टोनावांडा, न्यूयॉर्कचं. १९५७ पासून पद्धत बदलली. मग पहिलंच अक्षर कारखान्याचं झालं, एफ फ्लिंट आणि टी टोनावांडा, त्यानंतर महिना-दिवसाचे आकडे आणि शेवटी इंजिनाच्या प्रकाराचं अक्षर.

यातला सापळा लक्षात आला ना? एकच 'एफ' अक्षर. ओतीव तारखेत ते जून. १९४८ च्या ठोक्यात ते वर्ष. १९५७ नंतरच्या ठोक्यात ते फ्लिंट. म्हणून कुठलंही अक्षर वाचण्याआधी ते उठावाचं आहे की ठोकलेलं, आणि त्याच्या मागे किती आकडे आहेत, हे बघा.

आमच्या चौकोनावर तीन थर रंगाखालून 'जे' निघाला. १९५१. ओतीव तारीख १२ सप्टेंबर १९५१. आजोबांचं लग्न १९५३ चं. म्हणजे १९५१ च्या शेवटी अमेरिकेत जोडलेलं इंजिन समुद्रमार्गे येऊन १९५२ मध्ये लॉरीत बसलं, हे अगदी जुळतं.

ओतल्याची तारीख नेहमी जोडणीच्या आधीची असते, काही दिवसांची किंवा आठवड्यांची. आपल्याकडे लॉऱ्या सुट्या भागांच्या पेट्यांमधून येत असल्याने इंजिन ओतल्यापासून गाडी रस्त्यावर येईपर्यंतचं अंतर आणखी वाढतं. उलट दिसलं, म्हणजे ब्लॉक गाडीच्या नोंदणीनंतर ओतलेला असेल, तर इंजिन बदललेलं आहे, मग विकणारा काहीही सांगो.

बाहेरून दिसणाऱ्या खुणा ताडून बघा

नंबर एकटा पुरेसा नाही. अंगलटीशी तो जुळला पाहिजे.

उजव्या बाजूला पुशरॉडचं पत्र्याचं साइड कव्हर असतं. २१६ घन इंचाच्या आणि १९५३ पर्यंतच्या बहुतेक २३५ वर हे कव्हर उंच असतं, हेडच्या बाजूवर चढून प्लगच्या आसपास पोचतं. नंतरच्या २३५ वर ते बुटकं होतं, हेडखालीच संपतं. वरचं टॅपेट कव्हर मधोमध दोन नटांनी दाबलेलं असेल तर जुनी पिढी. कडेला चार स्क्रू असतील तर पन्नासच्या दशकाच्या मध्यानंतरचं. दहा फुटांवरून हे दिसतं, म्हणून भंगारवाल्याच्या आवारात पहिली चाळणी मी यावरच करतो.

गाडीच्या तोंडावरून इंजिनाचं वर्ष ठरवू नका. १९४७ ते १९५३ च्या शेवरलेट लॉरीच्या जाळीला पाच आडव्या पट्ट्या असतात, हे खरं. पण आपल्याकडे बऱ्याच लॉऱ्या नुसत्या काउल-चासी म्हणून आल्या आणि केबिन इथल्या सुतार-लोहारांनी बांधली. पुढे अपघात झाला की दुसऱ्या लॉरीचं तोंड बसवायचे.

मापं: स्ट्रोक खोटं बोलत नाही

हेड काढायची वेळ आलीच असेल तर व्हर्नियर आणि डेप्थ गेज घ्या. तीन इंजिनांची मूळ मापं अशी. बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव.

२१६: बोअर साडेतीन इंच, म्हणजे ८८.९ मिमी. स्ट्रोक पावणेचार इंच, ९५.२५ मिमी. सुमारे ३,५५० सीसी.

२३५: बोअर ९०.५ मिमी, स्ट्रोक १०० मिमी. सुमारे ३,८६० सीसी.

२६१: बोअर पावणेचार इंच, ९५.२५ मिमी, स्ट्रोक २३५ चाच १०० मिमी. सुमारे ४,२८० सीसी.

आता बघा. आपल्याकडच्या लॉरीचं इंजिन आयुष्यात दोन-तीनदा लेथवर बोअरिंगला गेलेलं असतं. २१६ ला साठ थाऊ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे दीड मिलिमीटर बोअर वाढवलं की ते ९०.४ मिमी होतं. नव्या २३५ एवढंच! व्हर्नियर लावून कोणी छातीठोकपणे '२३५' म्हणाला, तर तो खोटारडा नसतो, फक्त त्याने अर्धंच माप घेतलेलं असतं. स्ट्रोक क्रँकवर ठरतो, बोअरिंगने बदलत नाही. पिस्टन अगदी वर असताना आणि अगदी खाली असताना ब्लॉकच्या पृष्ठभागापासून खोली मोजा, वजाबाकी करा. ९५ च्या आसपास आली तर २१६, १०० आली तर २३५ किंवा २६१. आमचं आलं ९५.२. कागदावर कोणीतरी मागे '२३५' लिहून ठेवलं होतं, बहुधा याच व्हर्नियरच्या भरवशावर.

हा फरक नुसत्या हौसेपुरता नाही. २१६ च्या कनेक्टिंग रॉडमध्ये बॅबिट (बेअरिंगचा मऊ धातू) ओतलेलं असतं आणि तेल दाबाने नाही, चमच्यासारख्या डिपरने उडवून मिळतं. गेजवर पंधरा पौंडांच्या आसपास दाब दिसणं त्याला साजेसंच आहे, गेजच मुळी तीसपर्यंतचा असतो. १९५४ पासूनच्या २३५ मध्ये पूर्ण दाबाचं तेल आणि बदलता येणारे बेअरिंग शेल आले. नव्या मिस्त्रीला २१६ '२३५' म्हणून दिलं तर तो तेलाचा दाब कमी म्हणून पंप बदलत बसेल आणि शेल मागवेल, जे बसणारच नाहीत. बॅबिट ओतणारा माणूस आता शोधावा लागतो, म्हणून ते काम आधी ठरवलेलं बरं.

लढाईतली लॉरी असेल तर

मालकांची समजूत इथे चुकली, पण ती हवेतून आलेली नव्हती. दुसऱ्या महायुद्धात कॅनडात बनलेले लष्करी शेवरलेट आणि फोर्ड ट्रक आपल्याकडे, विशेषतः ब्रह्मदेशच्या आघाडीसाठी, पुष्कळ आले आणि युद्ध संपल्यावर डिस्पोजलच्या लिलावात खासगी लोकांनी घेतले. त्यातल्या शेवरलेटमध्ये हेच २१६ होतं. कॅनडात जोडलेल्या इंजिनांचे नंबर अमेरिकी पद्धतीने वाचायला जाऊ नका. वर दिलेली वर्षाची अक्षरं तिथे लागू धरली तर फसाल. तिथे ओतीव तारीख आणि कास्टिंग नंबर यांच्यावर भिस्त ठेवा.

फोर्डचं बाजू-वाल्व्हचं व्ही-८ असेल तर कास्टिंग नंबराची शिस्त फार शोधत बसू नका. ब्लॉकला मागे जोडूनच ओतलेल्या बेलहाउसिंगवर (क्लचवरच्या घंटेच्या आकाराच्या कवचावर) '५९' असे मोठे अंक दिसले तर युद्धकाळाच्या सुमाराचं आणि लगेच नंतरचं. ट्रकांवर १९४८ पासून आणि कारवर १९४९ पासून बेलहाउसिंग वेगळी झाली, ब्लॉकची पाठ सपाट आली. हेडचे नट मोजा: एका बाजूला चोवीस निघाले तर १९३८ नंतरचं, एकवीस निघाले तर त्याआधीचं.

डॉज आणि फार्गो

वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्यात क्रायस्लरच्या लॉऱ्या जोडल्या, त्यामुळे या इंजिनांचीही आपल्याकडे भरपूर पिल्लावळ आहे. तपासणी इथे उलट सोपी. ओतीव तारीख अक्षराशिवाय, महिना-दिवस-वर्ष अशी सरळ लिहिलेली सापडते. अमेरिकी क्रम असल्याने '८-१२-४८' म्हणजे १२ ऑगस्ट, ८ डिसेंबर नव्हे. ठोकलेला नंबर डाव्या बाजूला पुढे, हेडच्या लगेच खाली, डायनामोच्या वर. ट्रकच्या इंजिनाचा नंबर बहुधा टीने सुरू होतो.

मग टेप घेऊन हेडची लांबी मोजा. साधारण साडेतेवीस इंच असेल तर अमेरिकी छोट्या ट्रकांचं इंजिन. पंचवीस इंच असेल तर जड ट्रकाचं, नाहीतर कॅनडाचं, कारण कॅनडात क्रायस्लरने सगळी सहा सिलिंडर इंजिनं लांब ब्लॉकवरच बनवली. आणि एक फार सोयीची गोष्ट: सहाव्या सिलिंडरच्या वर हेडमध्ये एक पाइप प्लग असतो. तो काढून आत तार सोडा, क्रँक हाताने फिरवा, वरचं आणि खालचं टोक खुणावा. हेड न काढता स्ट्रोक मिळतो. छोट्या हेडच्या इंजिनात १११ मिमी आला तर २१८, ११७.५ आला तर २३०. शेवरलेटला हे सुख नाही.

आणि बॉनेट उघडल्यावर डिस्ट्रिब्युटरच नसेल, त्याच्या जागी डिझेलचा पंप असेल, तर वरचं सगळं बाजूला ठेवा. पेट्रोल परवडेना म्हणून किती तरी लॉऱ्यांत पर्किन्सचं पी-६ डिझेल बसवलं गेलं, आणि १९५४ पासून टेल्कोच्या (आजच्या टाटा मोटर्सच्या) मर्सिडीज लॉऱ्यांत ओएम ३१२ होतंच. मर्सिडीजच्या भागांच्या नंबरात पहिले तीन आकडे इंजिनाच्या प्रकाराचे असतात, म्हणून ३१२ ने सुरू होणारा ओतीव नंबर दिसला की पुढे शोधायचं काम उरत नाही.

नोंद कशी ठेवायची

वहीचं एक पान पुरे. वर गाडीचा चासी नंबर. त्याखाली प्रत्येक मोठ्या भागासाठी एक ओळ: ब्लॉक, हेड, मॅनिफोल्ड, बेलहाउसिंग. प्रत्येकाचा कास्टिंग नंबर, ओतीव तारीख, आणि तुम्हाला अंकाबद्दल शंका असेल तिथे प्रश्नचिन्ह. शंकेचा अंक अंदाजाने पक्का करून लिहू नका. आमच्या पानावर ब्लॉक सप्टेंबरचा आणि हेड ऑगस्टचं निघालं, दोन्ही एकने संपणाऱ्या वर्षाचे. म्हणजे जन्मापासूनचे सोबती. मॅनिफोल्डवर मात्र ना नंबर, ना तारीख, आणि साच्याच्या जोडाची रेघ बोटभर जाड. ते इथल्याच कुठल्या तरी ओतशाळेत मूळ मॅनिफोल्डवरून साचा घेऊन केलेलं. काम मात्र चोख आहे, आम्ही ते बदललं नाही.

मिस्त्रींची पैज हुकली. ते वहीत डोकावले, 'जे' वर बोट ठेवलं आणि म्हणाले, "म्हणजे मूळचंच इंजिन? मग ह्याला बॅबिटवाला शोधायला लागणार." नंबराच्या चौकोनावर त्यांनी बोटाने पातळ ग्रीस फिरवलं, वर प्लॅस्टिकचा तुकडा चिकटवला, आणि पोरांना सांगितलं की रंगाचा ब्रश इथे लागला तर मजुरी कापीन.